पेनसिल्व्हेनियात पहिलं मत: प्रायमरीपासून नोव्हेंबरपर्यंत

२०१६ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात डोनाल्ड ट्रम्प ४४,२९२ मतांनी पुढे राहिले. मतं पडली होती साठ लाखांच्या वर आणि राज्यात मतदान केंद्रं आहेत नऊ हजारांहून जास्त. म्हणजे केंद्रामागे फरक जेमतेम पाच मतांचा. २०२० मध्ये जो बायडन ८०,५५५ मतांनी जिंकले, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प, सुमारे १ लाख २० हजार मतांनी. जो पुढे राहील त्याला राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं, मिळतात. ही मतं सध्या १९ आहेत.

इतक्या अटीतटीच्या राज्यात दर निवडणुकीत हजारो मतं वाया जातात. कारणं अगदी साधी असतात: टपाली मताचं आतलं पाकीट राहिलं, तारीख चुकली, मतपत्रिका एक दिवस उशिरा पोचली, पक्षाचा रकाना रिकामा सोडला. एक्स्टन, किंग ऑफ प्रशिया किंवा पिट्सबर्गच्या आसपास राहणारी आपली पुष्कळ मंडळी पंधरा-वीस वर्षं वाट पाहून नागरिक झालेली असतात. एवढ्या वाटेनंतर पहिलं मत एका पाकिटापायी वाया जाऊ नये, म्हणून हे सगळं क्रमाने आणि बारकाईने सांगत आहोत.

आधी पात्रता

मतदान फक्त अमेरिकी नागरिकांना. एच-वन, एल-वन, विद्यार्थी व्हिसा आणि ग्रीन कार्ड यांपैकी कशावरही मतदान करता येत नाही, नोंदणीसुद्धा नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नागरिक नसताना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत दिलं तर तो संघराज्याचा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ‘मी नागरिक आहे’ या रकान्यावर चुकून खूण केली तरी पुढे सिटिझनशिपच्या मुलाखतीत ती गोष्ट समोर येते. ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेल्यावर तिथल्या पडद्यावर नोंदणीचा प्रश्न समोर आलाच, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. २०१७ मध्ये राज्यानेच मान्य केलं होतं की लायसन्सच्या यंत्रणेतल्या दोषामुळे नागरिक नसलेल्या काही जणांची नोंदणी होऊन गेली होती. तुमच्या हाती असं मतदार कार्ड चुकून पडलं असेल तर ते वापरू नका, आणि काहीही लिहून देण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

नागरिकांसाठी बाकीच्या अटी अशा: मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण, त्या पत्त्यावर किमान ३० दिवस वास्तव्य, आणि नागरिक होऊन किमान एक महिना झालेला. ही शेवटची अट बहुतेकांना ठाऊक नसते. २०२८ ची सार्वत्रिक निवडणूक ७ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरच्या मध्याला ज्यांचा नागरिकत्वाचा शपथविधी होईल त्यांना त्या खेपेला मत देता येणार नाही. मुलाखत उन्हाळ्यात झाली आणि शपथेची तारीख पुढे ढकलायची की नाही असा प्रश्न पडला, तर हा हिशेब डोक्यात असू द्या.

अमेरिकी नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ओसीआय कार्डावर भारतात मत देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मतदारयादीत नाव राहून गेलं असेल तर फॉर्म ७ भरून ते काढून घ्यावं. गावाकडच्या नातेवाइकांनी ‘नाव आहे, येऊन मत दे’ म्हटलं तरी देऊ नये.

नोंदणी आणि नावाची भानगड

भारतात नाव यादीत आहे की नाही हे बघायचं असतं, इथेही तसंच. फक्त यादी काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे असते. राज्यात ६७ काउंटी आहेत आणि प्रत्येक काउंटीचं निवडणूक कार्यालय वेगळं. नोंदणी राज्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते, टपालाने होते, काउंटी कार्यालयात जाऊनही होते. २०२३ च्या सप्टेंबरपासून नागरिकांनी लायसन्स काढलं किंवा नूतनीकरण केलं की नोंदणी आपोआप पुढे जाते. नको असेल तर तसं सांगावं लागतं.

शेवटची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी. नोव्हेंबर २०२८ साठी ती २३ ऑक्टोबरला येते. कागदी फॉर्म टपालाने पाठवत असाल तर तो त्या तारखेपर्यंत काउंटीत *पोचला* पाहिजे, नुसता टाकून भागत नाही.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावाच्या ठिकाणी. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. भारतीय पासपोर्टवर ते बहुधा स्वतःच्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’च्या ओळीत येतं. मग लायसन्सवर दोन्ही मिळून पहिलं नाव होतं, सोशल सिक्युरिटीत मधलं नाव वेगळं पडतं, आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तिसराच प्रकार. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर चार कागदांवर चार नावं सापडतात. नोंदणीच्या अर्जात लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे द्यावे लागतात आणि ते सरकारी नोंदीशी ताडून बघतात. जुळलं नाही तर काउंटीकडून पत्र येतं. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकलं गेलं की नोंदणी अडकते. म्हणून क्रम असा ठेवा: शपथविधी झाला की आधी सोशल सिक्युरिटीत नाव आणि नागरिकत्वाची नोंद दुरुस्त करा, मग लायसन्स, आणि मग लायसन्सवर आहे अगदी तसंच नाव मतदार अर्जात लिहा.

काही आठवड्यांत कार्ड येतं. त्यावर पक्ष, प्रभाग आणि मतदान केंद्र छापलेलं असतं. कार्ड आलं नाही तर राज्याच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि काउंटी घालून आपली नोंद बघा. मुदतीच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही. घर बदललं असेल तरी हेच. अपार्टमेंटमधून टाउनहाउसमध्ये गेलेल्यांची नोंद जुन्याच पत्त्यावर राहून जाते आणि मतदानाच्या सकाळी ते नव्या केंद्रावर जाऊन उभे राहतात.

पक्षाचा रकाना: प्रायमरीचं कुलूप इथे आहे

प्रायमरी म्हणजे पक्षाने आपला उमेदवार ठरवायची निवडणूक. भारतात तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इथे ते काम सामान्य मतदार करतो. पण पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद आहे. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांनाच डेमोक्रॅट मतपत्रिका मिळते आणि रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्यांनाच रिपब्लिकन. ‘कोणताही पक्ष नाही’ असं लिहिलेल्यांना उमेदवार निवडता येत नाही. राज्यघटनेतली दुरुस्ती किंवा तसा जनमताचा प्रश्न असेल तर तेवढ्यावर ते मत देऊ शकतात.

कोणत्या पक्षाला बांधून घ्यायला नको, हा आपल्या लोकांचा स्वभाव. तो समजण्यासारखा आहे. पण रकाना रिकामा सोडण्याची किंमत माहीत असू द्या. इथल्या बऱ्याच शहरांत आणि जिल्ह्यांत एका पक्षाचं वर्चस्व इतकं आहे की राज्य विधिमंडळाची जागा खरी ठरते ती प्रायमरीतच. नोव्हेंबरमध्ये मग नावाला लढत. आमचं मत विचाराल तर ज्या पक्षाची प्रायमरी तुमच्या भागात अर्थपूर्ण आहे आणि ज्याचा उमेदवार निवडण्यात तुम्हाला मनापासून रस आहे, त्या पक्षात नाव नोंदवा. त्याला वर्गणी नाही, सदस्यत्वाचं बंधन नाही. नोव्हेंबरमध्ये मत कोणालाही देता येतं, नोंदणी कुठलीही असो. पक्ष बदलायचा तर पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा १५ दिवस आधी.

तुम्ही कोणाला मत दिलं हे गुप्त राहतं. मात्र कोणत्या पक्षात नोंदलेले आहात आणि कोणत्या निवडणुकीत मतदान केलंत, ही माहिती सार्वजनिक असते. पक्षांचे कार्यकर्ते ती यादी घेऊनच दार ठोठावतात. घाबरायचं कारण नाही. ते नाव घेऊन हाक मारतात ते याच यादीमुळे.

राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी प्रायमरी एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी असते. २०२४ मध्ये ती २३ एप्रिलला झाली, आजच्या कायद्याप्रमाणे २०२८ मध्ये २५ एप्रिलला येईल आणि नोंदणीची मुदत १० एप्रिलला संपेल. तारीख क्वचित हलते. २०२० मध्ये करोनामुळे ती २ जूनवर गेली होती. एप्रिल उजाडेपर्यंत बाकीच्या राज्यांनी निकाल लावून टाकलेला असतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती बरीचशी खरी आहे. २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हेली मार्चमध्येच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. तरी त्यांचं नाव मतपत्रिकेवर होतं आणि इथल्या दीड लाखाहून जास्त रिपब्लिकनांनी त्यांना मत दिलं. त्याच दिवशी, डेमोक्रॅट मतपत्रिकेवर ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) पदासाठी पाच डेमोक्रॅट आपसांत लढत होते. वरची ओळ ठरलेली असली तरी खालच्या ओळी मोकळ्या असतात.

प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एक रकाना नवख्यांना गोंधळात टाकतो: पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला मत दिल्यावर खाली प्रतिनिधींची वेगळी नावं येतात आणि वर ‘जास्तीत जास्त इतके निवडा’ असा आकडा असतो. डेमोक्रॅट मतपत्रिकेवर प्रतिनिधीच्या नावापुढे तो कोणाच्या बाजूचा ते छापलेलं असतं. रिपब्लिकन मतपत्रिकेवर तसं नसतं, त्यामुळे कोण कोणाचा हे आधी शोधून ठेवावं लागतं. आकड्यापेक्षा कमी खुणा चालतात. एक जरी जास्त झाली तर तो अख्खा रकाना बाद.

घरबसल्या मत: दोन पाकिटं, एक सही, एक तारीख

२०१९ च्या ॲक्ट ७७ या कायद्याने टपाली मत सर्वांना खुलं झालं, कारण द्यावं लागत नाही. अर्ज मतदानाच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत काउंटीत पोचला पाहिजे. इतकी वाट मात्र पाहू नका, टपालाला आठवडा सहज लागतो. अर्जात ‘दर वर्षी मला पाठवा’ अशी खूण करायची सोय आहे. ती केली म्हणजे मतपत्रिका कायम आपोआप येत राहील असं लोक समजतात. प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीला फक्त *अर्ज* येतो आणि तो भरून पाठवला तरच त्या वर्षीच्या मतपत्रिका येतात.

पाकीट आलं की जेवणाच्या टेबलावर सगळं पसरून बसा. आत मतपत्रिका, सूचना आणि दोन पाकिटं असतात. निळ्या किंवा काळ्या शाईच्या पेनाने लंबगोल पूर्ण भरा. बरोबरची खूण किंवा फुली नको. कागद उलटून मागची बाजू बघा. न्यायाधीशांचा किंवा जनमताचा प्रश्न तिथे लपलेला असतो. मग मतपत्रिका घडी करून आतल्या, गुप्ततेच्या पाकिटात घाला. या पाकिटावर नाव, सही, रेघ, ठिपका काही काढायचं नाही. ते चिकटवा आणि बाहेरच्या पाकिटात घाला. बाहेरच्या पाकिटावर छापलेल्या प्रतिज्ञापत्राखाली सही करा आणि *ज्या दिवशी सही केली त्या दिवसाची* तारीख घाला.

चुका होतात त्या नेमक्या याच तीन ठिकाणी. आतलं पाकीट वगळून मतपत्रिका थेट बाहेरच्या पाकिटात टाकली तर तिला इथे ‘नेकेड बॅलट’ म्हणतात, आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मतं मोजायची नाहीत असा निर्णय दिला. सही राहणं ही दुसरी चूक. तारखेच्या जागी लोक सवयीने जन्मतारीख लिहितात, ही तिसरी. शिवाय आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. इथे महिना आधी येतो. तारखेच्या नियमावर कोर्टात वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल येत आहेत. त्या वादात आपलं मत कशाला सोडायचं? तारीख बरोबर लिहा आणि मोकळे व्हा.

आणखी एक गोष्ट, ही खास आपल्या घरांसाठी. नवऱ्याने बायकोचं, मुलाने आईवडिलांचं पाकीट नेऊन टाकणं इथे चालत नाही. ज्याचं मत त्यानेच पेटीत किंवा कार्यालयात नेऊन द्यायचं. अपंगत्वामुळे जे जाऊ शकत नाहीत त्यांना ठरलेला फॉर्म भरून दुसऱ्या कोणाला नेमता येतं. ‘मी ऑफिसला जाताना सगळ्यांची टाकतो’ ही आपली कामाची वाटणी या एका ठिकाणी बाजूला ठेवा. सगळ्यांनी मिळून जा, किंवा प्रत्येकाने आपलं पाकीट टपालपेटीत टाका.

पाकीट मतदानाच्या रात्री ८ पर्यंत काउंटीत पोचलं पाहिजे. टपालाचा शिक्का आधीचा असून भागत नाही. शेवटचा आठवडा उरला असेल तर टपालावर विसंबू नका. काउंटीच्या कार्यालयात किंवा काउंटीने ठेवलेल्या ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः जाऊन द्या. ड्रॉप बॉक्स सगळ्या काउंटींत नसतात. नंतर संकेतस्थळावर ‘मिळाली’ अशी नोंद दिसते का ते बघत राहा.

न्यू यॉर्क किंवा न्यू जर्सीसारखी आधीच यंत्रावर मत देण्याची सोय इथे नाही. मात्र काउंटी कार्यालयात जाऊन अर्ज करायचा, मतपत्रिका तिथेच घ्यायची, भरायची आणि तिथेच द्यायची, हे एका फेरीत होतं. २०२४ मध्ये बक्स काउंटीत यासाठी इतक्या रांगा लागल्या की कोर्टाने मुदत तीन दिवस वाढवली. दिवाळीला भारतात जाणाऱ्यांसाठी हाच उत्तम मार्ग: विमानाच्या आधी कार्यालयात फोन करून मतपत्रिका छापून आल्या का विचारा आणि देऊनच निघा. मुक्काम लांबचा असेल तर परदेशातल्या नागरिकांसाठीचा वेगळा अर्ज आहे; त्यात मतपत्रिका ईमेलवर मागवता येते, पण परत पाठवायची टपालाने किंवा कुरियरनेच.

केंद्रावर

वेळ सकाळी ७ ते रात्री ८. आठच्या ठोक्याला रांगेत असाल तर मत देईपर्यंत कोणी हलवू शकत नाही. सुट्टी धरून चालू नका, ऑफिसात आधी सांगून ठेवा. सकाळची आणि साडेपाचनंतरची गर्दी टाळता आली तर दहा ते तीन ही वेळ सोयीची.

त्या केंद्रावर पहिल्यांदाच मत देत असाल तर ओळखपत्र लागतं. लायसन्स, अमेरिकी पासपोर्ट, कंपनीचं किंवा कॉलेजचं कार्ड चालतं. फोटोचं काही नसेल तर मतदार कार्ड किंवा नाव-पत्ता असलेलं विजेचं बिल, बँकेचं पत्रक, पगाराची पावती चालते. पुढच्या वेळेपासून त्याच केंद्रावर ओळखपत्र मागायला नको, फक्त वहीत सही. बोटाला शाई लावत नाहीत.

यंत्र काउंटीगणिक वेगळं. पिट्सबर्गच्या ॲलेगेनी काउंटीत कागद हाताने भरून स्कॅनरमध्ये सरकवतात. फिलाडेल्फियात मोठ्या पडद्यावर बोटाने निवडलं की छापलेला कागद काचेमागे दिसतो, तो वाचून मगच शेवटचं बटण दाबायचं. चूक झाली तर खाडाखोड करू नका, नवी मतपत्रिका मागा. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष मिळून एकच खूण. एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची जुनी सोय ॲक्ट ७७ नेच काढून टाकली, त्यामुळे वरची खूण करून कागद परत दिलात तर सिनेट, काँग्रेस आणि विधिमंडळाच्या ओळी कोऱ्या राहतात. काउंटी आधी नमुना मतपत्रिका प्रसिद्ध करते. ती घरी वाचून, नावं कागदावर उतरवून न्या.

आई-बाबा नुकतेच नागरिक झाले असतील आणि इंग्रजी वाचणं जड जात असेल, तर त्यांना आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेण्याचा हक्क १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दिलेला आहे. मुलगी, सून, शेजारी कोणीही चालतं. मालक किंवा युनियनचा माणूस मात्र चालत नाही. एक छोटा फॉर्म भरून घेतात. वाचून दाखवायचं ते मराठीत दाखवा, निवड त्यांची त्यांना करू द्या.

अडलं तर

टपाली मतपत्रिका मागवली होती, पण आता केंद्रावरच मत द्यायचं आहे? कोरी मतपत्रिका आणि बाहेरचं पाकीट दोन्ही घेऊन जा. ते तिथे रद्द करून घेतात आणि नेहमीसारखं मत देता येतं. घरी विसरलात, किंवा वहीत नाव सापडेना, तर निघून येऊ नका. आधी आपण बरोबर केंद्रावर आहोत ना ते तपासा, मग ‘प्रोव्हिजनल बॅलट’, म्हणजे पडताळणीनंतर मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे. यालाही आतलं गुप्ततेचं पाकीट असतं आणि बाहेरच्या पाकिटावर मतदाराच्या सह्या दोन ठिकाणी लागतात; दुसरी सही राहिल्यामुळे बाद झालेली मतं पुष्कळ असतात. टपाली मत आतल्या पाकिटाअभावी बाद झाल्याचं मतदानाच्या दिवशी कळलं, तरी केंद्रावर जाऊन प्रोव्हिजनल मत देता येतं आणि ते मोजलं जातं, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिला आहे.

प्रोव्हिजनल मताची पावती मिळते, तिच्यावर क्रमांक असतो. ती पैशांच्या पाकिटात जपून ठेवा. काउंटी सात दिवसांत पडताळणी करते आणि त्या क्रमांकावरून मत मोजलं की नाही, नसेल तर का, हे कळतं.

निकालाला उशीर झाला तर घाबरू नका. इथल्या कायद्याने टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. २०२० मध्ये मंगळवारी मतदान झालं आणि राज्याचा कौल शनिवारी स्पष्ट झाला, तो याच कारणाने. त्या रात्री टीव्हीवर आकडे वरखाली होत असतात तेव्हा तुमचं पाकीट बहुधा कुठल्यातरी ट्रेमध्ये आपल्या पाळीची वाट बघत असतं.